धक्काशोषकाचे समायोजन : रस्ता आणि ड्रॅग शर्यत

लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात ‘द व्हॅली रन’ या नावाने मोटारी व मोटारसायकली यांच्या ड्रॅग शर्यती भरू लागल्या. उभ्या स्थितीतून सुटून पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, सरळ अंतर कमीत कमी वेळात कापावयाचे, एवढेच या शर्यतीचे स्वरूप असते. तेथे उतरणाऱ्या वाहनांपैकी काही केवळ शर्यतीसाठी बांधलेली असली, तरी बरीचशी अशी असतात की जी आदल्या दिवशी पुण्याच्या रस्त्यांवर धावत होती व दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यांवर यावयाची असतात. अशा वाहनाच्या मालकाला एक प्रश्न हटकून पडतो. समायोजनक्षम धक्काशोषक बसविल्यास एकच वाहन दोन्ही कामांना चांगले लावून घेता येईल काय, आणि येत असेल तर नॉब कोठे ठेवावा?

या प्रश्नाला गॅरेजात सामान्यतः खटक्यांच्या आकड्यात उत्तर मिळते: पुढे अमुक खटके, मागे तमुक खटके. प्रस्तुत लेखाचा हेतू असा आकडा देण्याचा नाही. असा आकडा एका वाहनावरून दुसऱ्या वाहनावर का नेता येत नाही, आणि काही वेळा तो नेमका उलटा का ठरतो, हे दाखविण्याचा आहे. पुण्याच्या दृष्टीने विषय परका नाही. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वेताळ टेकडीवर आहे. धक्काशोषक बनविणारी, १९६१ साली स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही कंपनी चाकण परिसरात आहे. आणि या उपकरणाची रोजची कसोटी पाहणारे रस्ते तर आपल्या दारातच आहेत.

१. नाव आणि कार्य

‘धक्काशोषक’ हे नाव थोडे दिशाभूल करणारे आहे. चाकाला बसलेला धक्का प्रथम टायर व स्प्रिंग घेतात. स्प्रिंग ती ऊर्जा साठविते आणि परत करते, व मोकळी सोडल्यास वाहनाचा सांगाडा दीर्घकाळ वरखाली डोलत राहील. हे डोलणे शमविणे, म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे, हे धक्काशोषकाचे काम होय. तेलाने भरलेल्या सिलिंडरात दट्ट्या सरकतो, तेल अरुंद छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते, आणि त्या ओघाला होणारा रोध हेच अवमंदन. स्प्रिंगचे बल स्थानावर अवलंबून असते, तर धक्काशोषकाचे बल वेगावर. दट्ट्या स्थिर असेल तर, आतील वायुदाबामुळे येणारे अल्प बल सोडता, धक्काशोषक काहीच करीत नाही. या एका वाक्यात पुढील सर्व विवेचनाचे बीज आहे.

येथेच एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक मोटारसायकलींच्या मागील ‘शॉकअप’वर पाच पायऱ्यांचे समायोजन असते. पाना लावून ते फिरविले म्हणजे अवमंदन वाढले, असे पुष्कळांना वाटते. बहुतेक ठिकाणी ही पायरी फक्त स्प्रिंगचा पूर्वदाब बदलते. त्यामुळे वाहन किती उंच उभे राहते हे बदलते. स्प्रिंगची ताठरता बदलत नाही आणि तेलाच्या मार्गालाही त्याचा स्पर्श होत नाही. मागे दुसरा माणूस बसणार असेल तेव्हा ही सोय उपयोगी आहे. परंतु ती या लेखातील अर्थाने धक्काशोषकाचे समायोजन नव्हे.

२. नॉब नेमके काय बदलतो

अवमंदनाचे माप सांगताना क्रांतिक अवमंदनाशी असलेले त्याचे गुणोत्तर घेणे सोयीचे असते. आंदोलन न होता वस्तू शक्य तितक्या लवकर मूळ जागी येईल, इतके अवमंदन म्हणजे क्रांतिक. उदाहरणादाखल, एका चाकावर सांगाड्याचे २५० किलोग्रॅम वस्तुमान असून त्याची स्वाभाविक कंप्रता सेकंदाला १.३ आवर्तने आहे असे धरू. मग स्प्रिंगची ताठरता दर मीटरला सुमारे १६,७०० न्यूटन येते, आणि क्रांतिक अवमंदन गुणांक सुमारे ४,१०० न्यूटन-सेकंद प्रतिमीटर. रस्त्यावरील मोटारींत हे गुणोत्तर साधारणतः ०.२ ते ०.४ या दरम्यान ठेवतात. ०.३ घेतल्यास गुणांक सुमारे १,२०० येईल. याच मोटारीत चार माणसे व सामान भरून चाकावरील वस्तुमान ३२५ किलोग्रॅम झाले, तर नॉबला हात न लावताही गुणोत्तर ०.३ वरून ०.२६ वर उतरते. यावरून दिसेल की खटक्यांची संख्या हे अवमंदनाचे निरपेक्ष माप होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्यक्ष धक्काशोषकाचा गुणांक स्थिर नसतो. चाचणी-यंत्रावर दट्ट्याला पुढेमागे चालवून बल व वेग यांचा आलेख काढला, तर तो सरळ रेषा नसून मध्येच वळण घेतो. दट्ट्याचा वेग कमी असताना, स्थूलमानाने सेकंदाला ०.१ ते ०.२ मीटरपर्यंत, तेल एका लहान कायमच्या छिद्रातून वाहते. वेग वाढला की पातळ पोलादी चकत्यांची झडप उघडते व बलाची वाढ मंदावते. नॉबच्या टोकाशी बहुधा एक सुईसारखी झडप असते, आणि ती या लहान छिद्राचे तोंड कमीजास्त करते. म्हणून नॉबचा प्रभाव मुख्यतः मंद वेगाच्या पट्ट्यात जाणवतो. खड्ड्यात चाक आपटताना दट्ट्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या घरात किंवा त्याहून अधिक जातो. तेथे चकत्यांचे राज्य असते आणि नॉबचे फारसे चालत नाही.

तिसरी गोष्ट दिशेची. चाक वर येते तेव्हा संपीडन धाव, खाली जाते तेव्हा प्रसरण धाव. रस्त्यावरील मोटारीत प्रसरणाचा रोध संपीडनाच्या साधारण दोन ते तीन पट ठेवतात. उंचवट्यावर चढताना मऊपणा हवा आणि साठलेली ऊर्जा परत येताना तिला आवर हवा, हे त्यामागील तत्त्व. एका नॉबच्या धक्काशोषकात बहुधा केवळ प्रसरण, किंवा दोन्ही दिशा एकदम बदलतात. दोन नॉबांच्या प्रकारात त्या स्वतंत्रपणे बदलता येतात.

३. रस्त्याची मागणी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल उंचवट्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद व ०.१० मीटर उंच असावा, आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्यासाठी योजिलेला असतो. या वेगाने तो ओलांडण्यास ०.५३ सेकंद लागतात. वरील मोटारीच्या सांगाड्याचा आवर्तनकाळ ०.७७ सेकंद आहे. दोन्ही काळ जवळपास एकाच मापाचे असल्यामुळे सांगाडा जोराने उचलला जातो व उंचवटा संपल्यावरही डोलत राहतो. येथे दट्ट्याची गती तुलनेने मंद असते आणि भक्कम अवमंदन हितकारक ठरते.

याच्या उलट, उखडलेल्या डांबरावर मीटर-मीटरच्या अंतराने लाटा पडल्या आहेत असे समजा. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाकाला सेकंदाला अकरा धक्के बसतात. सांगाड्याच्या स्वाभाविक कंप्रतेच्या वर्गमूळ दोन पटींपलीकडे गेल्यावर, म्हणजे आपल्या उदाहरणात सेकंदाला १.८ आवर्तनांपलीकडे, अवमंदन वाढविल्याने सांगाड्यापर्यंत पोचणारे कंपन कमी न होता वाढते. आसनाखालील माणसाला ते लगेच कळते. त्यातच अकरा ही संख्या चाकाच्या स्वतःच्या उड्या मारण्याच्या कंप्रतेत (सेकंदाला सुमारे १० ते १५) पडते. त्यामुळे चाकाला आवर घालण्यापुरते अवमंदन असावेच लागते. प्रसरण फार कडक केले तर आणखी एक दोष उद्भवतो. एका धक्क्याने वर गेलेले चाक दुसरा धक्का येण्यापूर्वी पुरते खाली येत नाही, आणि धक्क्यागणिक वाहन आपल्या स्प्रिंगवर खाली बसत जाते. अशा वेळी टायरवरील भार क्षणाक्षणाला नाहीसा होतो, आणि नेमका त्याच क्षणी ब्रेक लावला तर थांबण्याचे अंतर वाढते. ओल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो, हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

४. धावपट्टीची मागणी

ड्रॅग शर्यतीत रस्ता सपाट असतो, वळण नसते, उंचवटे नसतात. तेथे महत्त्वाची घटना एकच: सुटतानाचे भारांतरण. वाहन पुढे झेपावते तेव्हा पुढील चाकांवरील काही भार मागील चाकांवर जातो. स्थिर प्रवेगाच्या अवस्थेत हे भारांतरण वस्तुमान, प्रवेग व गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला पुढील व मागील चाकांच्या आसांमधील अंतराने भागून मिळते. या सूत्रात स्प्रिंग नाही आणि धक्काशोषकही नाही. म्हणून ‘शॉकअप’ मऊ केल्याने मागे जास्त वजन जाते, हे गॅरेजातील विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही. अंतिम भारांतरण धक्काशोषकाच्या हातात नसते. तेथवर वाहन कोणत्या मार्गाने व किती वेळात पोचते, एवढेच त्याच्या हातात असते.

परंतु हा मार्ग क्षुल्लक नाही. सांगाड्याच्या पुढेमागे डोलण्याची कंप्रता सेकंदाला १.५ आवर्तने मानून, प्रेरणा एका झटक्यात लागली असे आदर्श गणित मांडले, तर स्प्रिंग व धक्काशोषक यांतून मिळून जाणारे भारांतरण प्रथम अंतिम मूल्याच्या पलीकडे जाते, मग मागे येते. अवमंदन-गुणोत्तर ०.२ असल्यास ते ५७ टक्के पलीकडे जाते; ०.३ ला ४५ टक्के, ०.५ ला ३० टक्के व ०.७ ला २१ टक्के. हे शिखर सुमारे पाव ते तृतीयांश सेकंदात येते. गुणोत्तर ०.२ असताना पुढच्या हेलकाव्यात, सुमारे ०.६४ सेकंदाला, भारांतरण अंतिम मूल्याच्या ३० टक्के खाली घसरते, ०.५ असताना ही घसरण केवळ ५ टक्के असते. या हेलकाव्यांचा सर्व खेळ पहिल्या दीड सेकंदात, म्हणजे पहिल्या चारपाच मीटरांत आटोपतो. प्रत्येक गिअर बदलताना त्याची लहानशी पुनरावृत्ती होते. म्हणूनच जाणकार स्पर्धक पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरांचा, काळ वेगळा टिपून ठेवतात. धक्काशोषकाचा गुणदोष तेथेच दिसतो.

५. कोणती चाके ओढतात

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १,००० किलोग्रॅमची एक मोटार घ्या. पुढे ६० टक्के व मागे ४० टक्के भार, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, आसांमधील अंतर २.५ मीटर, टायरचा घर्षण गुणांक ०.९. उभ्या स्थितीत पुढील आसावर ५,८८६ न्यूटन व मागील आसावर ३,९२४ न्यूटन भार येतो.

मोटार मागील चाकांनी ओढली जात असेल तर भारांतरण तिला साहाय्यक आहे. तिचा कमाल प्रवेग वरील आकड्यांवरून ४.३ मीटर प्रतिसेकंदवर्ग येतो. चालकाने ४.२ चा प्रवेग साधला, तर भारांतरण ८४० न्यूटन होते, मागील आसावर ४,७६४ न्यूटन भार येतो व पकड ४,२८८ न्यूटनांपर्यंत मिळते, लागतात ४,२००. शिल्लक केवळ ८८ न्यूटन. गुणोत्तर ०.२ असताना पहिल्या शिखराला पकड विपुल असेल, पण ०.६४ सेकंदाच्या खाचेत मागील भार सुमारे २५० न्यूटनांनी घटेल आणि चाके जागच्या जागी फिरू लागतील. ०.५ असताना घट सुमारे ४० न्यूटन, म्हणून पकड टिकेल. पहिला हेलकावा मोकळा सोडावयाचा आणि परतीचा हेलकावा रोखावयाचा, अशी ही मागणी आहे. नाक वर उचलले जाताना पुढील धक्काशोषक प्रसरण पावतो. ते सुलभ असावे. नाक खाली येताना तो दाबला जातो. ते कठीण असावे. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत ‘९०/१०’ म्हणून ओळखला जाणारा पुढचा धक्काशोषक नेमका असा असतो: संपीडनाला ९० भाग रोध, प्रसरणाला १० भाग. मागील बाजूस परतीच्या वेळी प्रसरण होते, म्हणून तेथे प्रसरण भक्कम ठेवतात. वाचकांच्या लक्षात येईल की रस्त्यावरील मोटारीत प्रसरण कडक व संपीडन मऊ असते; हा पुढचा धक्काशोषक त्याच्या थेट उलट आहे.

आता तीच मोटार पुढील चाकांनी ओढली जाते असे धरा. आपल्याकडील बहुसंख्य लहान मोटारी अशाच आहेत. येथे भारांतरण शत्रू आहे. कमाल प्रवेग ४.५ येतो. चालकाने ४.४ साधला, तर भारांतरण ८८० न्यूटन, पुढील आसावर उरलेला भार ५,००६ न्यूटन, पकड ४,५०५ आणि गरज ४,४०० न्यूटन. भारांतरण अंतिम मूल्याच्या केवळ १३ टक्के पलीकडे गेले तरी पकड सुटते. वर दिलेली चारही मूल्ये १३ टक्क्यांहून मोठी आहेत. याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा की येथे नाक उचलले जाऊ देणे हाच घात होय. पुढे प्रसरण व मागे संपीडन कडक ठेवले पाहिजे. दुसरा असा की केवळ धक्काशोषकाने हे साधणार नाही. प्रेरणा झटक्यात न लावता क्लच क्रमाक्रमाने सोडला पाहिजे. चालकाचा पाय हाही येथे अवमंदकच आहे.

तेव्हा मागील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या अमेरिकी मोटारीसाठी लिहिलेला ‘पुढचे प्रसरण मोकळे सोडा’ हा सल्ला पुण्यातील पुढील चाकांच्या मोटारीला लावला, तर नेमकी उलटी फलप्राप्ती होते. सल्ला चुकीचा नसतो. तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असतो.

६. एका वाहनाने दोन्ही कामे

दोन मागण्या परस्परविरोधी दिसल्या तरी तडजोडीला जागा आहे, आणि ती वेगाच्या पट्ट्यांमुळे मिळते. सुटताना नाक ५० मिलिमीटर वर गेले व त्याला ०.३ सेकंद लागले, तर सांगाड्याचा सरासरी वेग सेकंदाला ०.१७ मीटर होतो. हा नॉबच्या पट्ट्यातील वेग आहे. खड्ड्याचा वेग त्याच्या कितीतरी पट असून तो चकत्यांच्या पट्ट्यात पडतो. म्हणून मंद वेगाचे अवमंदन शर्यतीसाठी बदलूनही खड्ड्यावरील वर्तन काही प्रमाणात पूर्ववत राहू शकते. पण हे ‘काही प्रमाणात’च आहे. मागील चाकांच्या मोटारीसाठी पुढचे प्रसरण मोकळे सोडले, तर गतिरोधकानंतरचे डोलणे व घाटातील वळणावरील कलणे आवरेनासे होते. पुढील चाकांच्या मोटारीसाठी ते पराकोटीचे कडक केले, तर वर सांगितलेला खाली बसत जाण्याचा दोष येतो.

समायोजन करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम धक्काशोषक सुस्थितीत आहे, तेल गळत नाही, याची खात्री करावी. झिजलेल्या उपकरणाला नॉब तारू शकत नाही. नॉब पूर्ण बंद करून तेथून खटके मोजावेत, म्हणजे मोजणीला निश्चित आरंभबिंदू मिळतो. एका आसावरील दोन्ही बाजू समान ठेवाव्यात. आधी रस्त्यावरील योग्य स्थान शोधावे: गतिरोधक ओलांडल्यावर सांगाडा एका हेलकाव्यात शांत होतो काय ते पाहावे, व तो आकडा वहीत लिहावा. शर्यतीसाठी त्या आकड्यापासून एका वेळी एकच नॉब, एकाच दिशेने, दोन-दोन खटक्यांनी बदलावा. प्रत्येक स्थानी किमान तीन धावा घेऊन पहिल्या ६० फुटांचा काळ, टायरचा दाब व हवेचे तापमान टिपावे. तीन धावांतील आपसांतील फरकापेक्षा दोन स्थानांतील फरक मोठा नसेल, तर काही सिद्ध झाले असे मानू नये. दुसऱ्याच्या वाहनाचा आकडा घेऊ नये, याचे आणखी एक कारण आहे. धक्काशोषक चाकाला थेट जोडलेला नसून दांड्याच्या मध्ये बसविला असेल आणि चाकाच्या ०.७ पट सरकत असेल, तर चाकापाशी त्याचा गुणांक ०.७ च्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ निम्म्याने कमी भासतो.

शेवटची पायरी बहुतेकांकडून राहून जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. धावपट्टी सोडण्यापूर्वी वहीतील रस्त्याचा आकडा पाहून प्रत्येक नॉब परत त्या जागी आणावा. लोणावळ्याहून पुण्याकडे परतताना पाऊस असेल, रस्ता उखडलेला असेल, समोरचे वाहन अचानक थांबेल. तेव्हा सपाट धावपट्टीवरील पहिल्या पाच मीटरांसाठी केलेली मांडणी उपयोगी पडणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीचा प्रयोग करून पाहणे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हाच आहे. त्यातील भौतिकीही कायद्याच्या बाजूची आहे, कारण रस्त्यावरील खरा प्रश्न सुटण्याचा नसून थांबण्याचा असतो.

सारांश, धक्काशोषक भार निर्माण करीत नाही. भार कोणत्या क्षणी कोठे असावा हे तो ठरवितो. कोणती चाके ओढतात, घटना किती वेगाने घडते आणि ती पुन्हा पुन्हा घडणार आहे की एकदाच, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने आधी मिळविली, त्याच्याच हातात नॉबला अर्थ प्राप्त होतो.